एसआयपी थांबवून सोळा ‘सायक्लॉनिक रिफ्ट’ घ्यावीत का?

प्रश्न: मी २७ वर्षांचा आहे. हिंजवडीत नोकरी करतो, कोथरूडला मित्रांबरोबर भाड्याने राहतो. पगार हातात ६२,००० येतो. त्यातले ३५,००० खर्चाला जातात, १०,००० गावी पाठवतो, १२,००० एसआयपीत. बचत खात्यात ४०,००० आहेत. दर रविवारी आम्ही चौघं ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ कमांडर पद्धतीने खेळतो. एक ओळखीचा परदेशातून कार्ड मागवतो. तो ‘सायक्लॉनिक रिफ्ट’च्या १६ प्रती प्रत्येकी २,२५० रुपयांना देतोय. तीन महिने एसआयपी थांबवली की ३६,००० होतात. एक प्रत माझ्या निळ्या-हिरव्या टोकन डेकला (डेक म्हणजे कार्डांची गड्डी; टोकन म्हणजे इतर कार्डांनी टेबलावर आणलेले प्राणी), बाकीच्या दोन वर्षांनी विकायच्या. निळा रंग खेळणाऱ्या प्रत्येकाला हे कार्ड हवं असतं, मग भाव पडेल कसा? बाबांना हे अजिबात पटत नाही.

उत्तर: मी स्वतः अनेक वर्षं कमांडर खेळतोय, म्हणून आधी कार्डाबद्दल बोलतो.

कार्ड उत्तम आहे, यात वाद नाही. ‘रॅथ ऑफ गॉड’ हे कार्ड १९९३ पासून चार मानात (माना म्हणजे कार्ड खेळायला मोजायची ऊर्जा) टेबलावरचे सगळे क्रीचर, म्हणजे लढणारे प्राणी, मारतं, पण त्यात तुमचेही जातात. रिफ्ट ओव्हरलोड करून, म्हणजे जास्तीच्या सात माना मोजून खेळलं, तर समोरच्या तिघांच्या जमिनी (माना देणारी कार्डं) सोडून सगळं परत त्यांच्या हातात जातं आणि तुमचं जिथल्या तिथे राहतं. टोकन तर हातातही जात नाहीत, खेळातूनच नाहीसे होतात. शिवाय ते इन्स्टंट आहे, म्हणजे दुसऱ्याच्या पाळीतही खेळता येतं. तुमच्या आधीच्या खेळाडूची पाळी संपताना खेळलं, की कुणी काही परत मांडायच्या आत तुमची पाळी येते आणि समोर मोकळं मैदान असतं. तुमच्याकडे तेव्हा पंधरा-वीस टोकन उभे असतील तर डाव तिथेच संपतो. नसतील, तर तिघं सगळं पुन्हा मांडत बसतात आणि डाव तासभर लांबतो. म्हणजे हे कार्ड संपवू शकणाऱ्या डेकचं आहे, आणि तुमचा डेक तसा आहे. एक प्रत घ्या, असं मी मनापासून सांगेन.

पण त्याआधी रविवारच्या मंडळींना विचारा. २०२५ मध्ये कमांडरला ब्रॅकेटची, म्हणजे डेकचे ताकदीनुसार गट पाडायची पद्धत आली आणि रिफ्ट ‘गेम चेंजर’ या डाव फिरवणाऱ्या कार्डांच्या यादीत गेलं. दुसऱ्या ब्रॅकेटचं, म्हणजे कमी ताकदीच्या डेकचं टेबल असेल, तर तिथे ते चालत नाही. तिसऱ्यात एका डेकमध्ये अशी तीनच कार्डं चालतात.

आता उरलेल्या पंधरा प्रती. इथे मी बाबांच्या बाजूने आहे, कारण मात्र वेगळं.

अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं विकायला गेलात, की दुकानदार पहिल्यांदा आवृत्ती बघतो. अभ्यासक्रम बदलला असेल तर पुस्तक कितीही कोरं असो, किंमत रद्दीची. पुस्तक चांगलं की वाईट, हा तिथे प्रश्नच नसतो. नवं छापायचा अधिकार कुणाकडे आहे, हा असतो. रिफ्ट पहिल्यांदा २०१२ मध्ये आलं. नंतर २०१४ च्या कमांडर डेकमध्ये, २०१७ च्या ‘मॉडर्न मास्टर्स’मध्ये, २०२४ च्या ‘रॅव्हनिका रीमास्टर्ड’मध्ये पुन्हा छापलं गेलं. हा खेळ छापणाऱ्या कंपनीने १९९६ मध्ये काही जुनी कार्डं पुन्हा न छापण्याचं वचन दिलं होतं, पण ती यादी त्या काळातल्या कार्डांची. रिफ्टला ते संरक्षण नाही. उलट सगळ्यांना हवं असलेलं कार्डच कंपनी पुन्हा छापते, कारण त्याच्यामुळे नवा संच खपतो. मागणीबद्दलचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे, पण त्याच मागणीमुळे पुरवठाही वाढतो.

बॅनचंही बघा. २३ सप्टेंबर २०२४ ला ‘माना क्रिप्ट’ आणि ‘ज्युएल्ड लोटस’सारखी महाग कार्डं कमांडरमधून एका घोषणेत बाद झाली आणि त्यांचे भाव कोसळले. त्यानंतर आठवड्याभरात कमांडरचा कारभारही कंपनीकडेच गेला. छापणारा आणि बाद करणारा आता एकच आहे. रिफ्ट बाद होईलच असं मी म्हणत नाही, पण तुमच्या ३६,००० चं भवितव्य त्या एका टेबलावर ठरतं.

शिवाय विकणार कुणाला? कमांडरच्या शंभर कार्डांच्या डेकमध्ये एका कार्डाची एकच प्रत चालते. पंधरा प्रतींना साधारण पंधरा गिऱ्हाइकं लागतील, आणि पुण्यात ही मंडळी एकमेकांना ओळखतात, घासाघीस करतात. बाजारभावापेक्षा २० टक्के कमी घेऊन विकलंत असं धरा. मग भाव २५ टक्के वाढून सुमारे २,८१२ झाला, तरी तुमच्या हातात पडतील २,२५०, म्हणजे मुद्दल. दोन पावसाळे कार्डं दमट खोलीत जपायची ते निराळंच. माझी फॉइल कार्डं एका जुलैत कपाटातच धनुष्यासारखी वाकली होती, आणि वाकलेल्या कार्डाला कुणी पूर्ण भाव देत नाही.

कार्डापेक्षाही मला काळजी वाटते ती त्या ४०,००० ची. तुमची महिन्याची जावक ४५,००० आहे. नोकरी गेली, तर गावी पैसे पाठवणं पहिल्याच महिन्यात अडेल. एसआयपी थांबवायचीच असती, तर मी ती या खात्यात किमान १,३५,०००, म्हणजे तीन महिन्यांची जावक, होईपर्यंत थांबवायला सांगितलं असतं. पण तेवढीही गरज नाही. सगळं वजा जाता महिन्याला ५,००० उरतात. त्यातले ३,५०० बचतीत टाका आणि १,५०० हौसेला ठेवा, अगदी हक्काने. दोन महिन्यांची हौस साठली की तुमची एक प्रत येते. बाबांना हा हिशेब कागदावर दाखवा. त्यांचा राग खेळावर आहे की एसआयपी थांबवण्यावर, ते तेव्हाच कळेल.

त्या ओळखीच्याला एकाच प्रतीचं सांगा. एकट्या प्रतीला तो २,५०० म्हणाला तरी घ्या, पण आधी कार्ड स्लीव्हमधून बाहेर काढून उजेडात कडा बघा. आणि एसआयपी थांबवायचा अर्ज ॲपवर टाकला असेल, तर पुढच्या हप्त्याच्या तारखेआधी तो मागे घ्या.