जाऊबाईंचे बारा सूर्यनमस्कार आणि माझी कंबर

प्रश्न: माझं वय ४६, बँकेत काउंटरवर नोकरी. दोन वर्षं झाली कंबर दुखतेय. एमआरआयमध्ये एल-४ एल-५ ला, म्हणजे कंबरेच्या खालच्या दोन मणक्यांमध्ये, डिस्क बल्ज आलाय (मधली चकती थोडी बाहेर फुगलीय), डॉक्टर म्हणाले ऑपरेशनची गरज नाही, फिजिओ करा. पंधरा दिवस फिजिओला गेले, मग मार्च एंडिंग आलं आणि सुटलं ते सुटलंच. आता जाऊबाई म्हणतात गोळ्या बंद कर, योगाच कर. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ लावून रोज पहाटे बारा सूर्यनमस्कार सुरू करून दिले, चौथ्या दिवशी अंथरुणातून उठताच येईना. योगाने बल्ज आत जातो का? की योगा मला झेपणाराच नाही?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, आधी ते बल्जचं भूत उतरवू. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा चाळिशीतल्या लोकांचे एमआरआय काढले तरी जवळपास निम्म्यांच्यात बल्ज दिसतो, त्यामुळे रिपोर्टमधल्या त्या एका शब्दाला घाबरून बसू नका आणि योगाने तो आत ढकलायच्याही मागे लागू नका.

आता पहाटेचं. रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून टम्म झालेल्या असतात, अशा वेळी कंबरेतून पुढे वाकलं की त्यांच्यावर ताण जास्त येतो, आणि सूर्यनमस्कारात एका फेरीत दोनदा वाकायचं म्हणजे बारा फेऱ्यांत चोवीस वेळा, तेही उठल्या उठल्या! दुखणारच ना. यात योगाचा दोष नाही, घाईचा आहे.

योगाचा उपयोग होतो, पण जादू नाही. अमेरिकेत बॉस्टनला ३२० जुन्या कंबरदुखीवाल्यांवर अभ्यास झाला, २०१७ साली छापून आला, त्यात १२ आठवडे योगाचा क्लास करणारे फिजिओ करणाऱ्यांच्या मागे पडले नाहीत आणि दोन्हीकडच्यांच्या गोळ्याही नुसतं माहितीचं पुस्तक दिलेल्यांपेक्षा कमी झाल्या. मात्र एकूण अभ्यास बघितले तर फरक छोटाच पडतो, कंबरेच्या इतर व्यायामांपेक्षा योगा भारी असं काही निघालेलं नाही. मला विचाराल तर जे तुम्ही मार्च एंडिंगलाही सोडणार नाही ते करा.

सुरुवात अशी करा: गुडघ्याखाली उशी घेऊन शवासन, मग हात-गुडघ्यांवर येऊन मार्जारासन, पाठीवर झोपून कंबर उचलून सेतुबंधासन, एकेक पाय जवळ घेऊन पवनमुक्तासन, आणि कोपरांवर टेकून अर्धंच भुजंगासन. संध्याकाळी वीस मिनिटं बास. पश्चिमोत्तानासन आणि पादहस्तासन ही पुढे वाकायची आसनं सध्या नको. ताण जाणवला तर चालेल, कळ पायात उतरली तर तिथेच थांबायचं. पट्टा, खुर्ची, लोड घेऊन आसन करण्यात काही कमीपणा नाही, पुण्यात योगगुरू बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी तर त्यावर अख्खी पद्धतच उभी केली. पट्टा नसेल तर जुनी ओढणी घ्या.

गोळ्या जाऊबाईंच्या सांगण्यावरून बंद करू नका, ते डॉक्टरांशी बोलून. फिजिओकडेही परत जा, दोन्ही एकत्र चालतं. आणि पायातली ताकद कमी वाटली, बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवीचा त्रास सुरू झाला, नाहीतर दुखण्यासोबत ताप किंवा वजन घटणं असं काही दिसलं तर आसनं बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा.

क्लास लावायचा असेल तर शिकवणाऱ्यांना कंबरेचं पहिल्याच दिवशी सांगा, आणि सांगूनही सगळ्यांबरोबर खाली वाकायला लावलं तर फी भरली असली तरी तो क्लास सोडा.