अभिमान धरायचा तो या कामाचा

प्रिय मित्रा,

तुझं पत्र पोचलं. मालिकेच्या चाहत्यांचा गट चालवतोस म्हणून घरचे नावं ठेवतात आणि गटातली मंडळी सभासद किती वाढले, दुसऱ्या मालिकेच्या चाहत्यांची तोंडं कशी बंद केली, यातच खूश असतात. मग अभिमान धरावा असं आपल्यात आहे तरी काय, असं तू विचारलंस. याचं उत्तर मी तुला लांबच्या एका उदाहरणाने देतो, कारण त्याहून चांगलं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

'डॉक्टर हू' ही डॉक्टर नावाच्या कालप्रवासी नायकाची ब्रिटिश विज्ञानकथा-मालिका बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली. तिच्या पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन मूळचे लखनौचे, तेव्हा जेमतेम चोवीस वर्षांचे. पुढे 'मार्को पोलो' या सात भागांच्या कथेचं दिग्दर्शनही बहुतांशी त्यांनीच केलं. आज त्या सातांपैकी एकही भाग पाहायला मिळत नाही. त्या काळी व्हिडिओटेप महाग होती, कार्यक्रम पुन्हा दाखवण्यावर कलाकारांच्या करारांची बंधनं होती, आणि रंगीत टीव्ही आल्यावर कृष्णधवल कार्यक्रमांना कोण विचारणार, असा समज होता. त्यामुळे टेप पुसायची आणि तिच्यावर दुसरं काही भरायचं, ही सरसकट रीत होती. परदेशी विकण्यासाठी काढलेल्या फिल्मसुद्धा पुढे टाकून दिल्या गेल्या. साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग असे गेले.

पण गेलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज शिल्लक आहे. प्रत्येक भागाचा! तो वाचला तो चाहत्यांच्या घरांत, आणि त्यातले काही जण तर शाळकरी वयाचे होते. व्हिडिओ रेकॉर्डर घरोघरी यायला अजून बरीच वर्षं होती. शनिवारी संध्याकाळी ही मुलं टीव्हीच्या स्पीकरपुढे मायक्रोफोन ठेवत, रिळाच्या टेपरेकॉर्डरचं बटण दाबत आणि घरातल्यांना गप्प बसायला सांगत. एकाने तर मायक्रोफोनच बाजूला ठेवला आणि रेकॉर्डरची तार थेट टीव्ही संचाला जोडली. जुन्या संचाच्या आत हात घालणं म्हणजे विजेशी खेळ, तू हे करू नकोस. पण त्याची रेकॉर्डिंग इतकी स्वच्छ निघाली की पुढे बीबीसीने ध्वनिमुद्रिका काढल्या तेव्हा अशाच घरगुती टेपांवर काम केलं.

आपण काही जपतोय हे तेव्हा त्यांच्या डोक्यातही नसणार. आठवडाभर पुन्हा ऐकता यावं, एवढीच हौस. मला हेच फार मोलाचं वाटतं. आवडीपोटी केलेलं काम नीटनेटकं केलं, रिळावर भागाचं नाव आणि तारीख घातली, आणि वर्षानुवर्षं ते फेकलं नाही, म्हणून ते इतरांच्या कामी आलं.

'द पॉवर ऑफ द डालेक्स' घे. डॉक्टरची भूमिका पहिल्यांदाच दुसऱ्या नटाकडे, पॅट्रिक ट्राउटनकडे गेली ती ही कथा. मालिका इतकी वर्षं टिकली ती नट बदलण्याच्या याच युक्तीवर. या कथेचे सहाही भाग नष्ट झाले. जॉन क्युरा नावाचे छायाचित्रकार त्या काळी टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढून कलाकार-दिग्दर्शकांना विकत. ते फोटो आणि चाहत्यांनी टिपलेला आवाज यांच्या आधारे आधी हौशी मंडळींनी कथा जुळवली. कोरी कॅसेट पाठवा, कॉपी घेऊन जा, असा त्यांचा साधा व्यवहार, नफ्याचा संबंधच नाही. नंतर बीबीसीने त्यावर ॲनिमेशन केलं आणि ५ नोव्हेंबर २०१६ ला, मूळ प्रक्षेपणाला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, ते प्रसिद्ध केलं.

ऑस्ट्रेलियात तर आणखी नवल घडलं. तिथल्या सेन्सॉरने भीतिदायक म्हणून काही तुकडे कापून ठेवले होते. अख्खे भाग गेले, पण कापलेले तुकडे सरकारी दफ्तरात राहिले, आणि १९९६ मध्ये चाहत्यांनी ते हुडकून काढले.

या मालिकेचे चाहतेच पुढे तिचे कर्तेधर्ते झाले, हे लोक मोठ्या तोंडाने सांगतात. रसेल टी. डेव्हिस यांनी २००५ मध्ये ती पुन्हा उभी केली, पीटर कपाल्डी लहानपणचा चाहता आणि मोठेपणी स्वतः डॉक्टर झाला. छानच आहे. पण माझ्या लेखी त्याहून वरचा मान रिळं जपणाऱ्यांचा. आणि ज्याच्याकडे दुर्मीळ काही आहे पण जो ते दाबून बसतो, त्याला मी चाहता म्हणतच नाही, मालक म्हणेन.

आता तुमच्या गटाकडे येऊ. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं, आणि त्या पहिल्या वर्षांतलं सगळं काही आज हाताशी नाही. तू लिहिलंस की गटातल्या दोन-तीन घरांत जुन्या मराठी मालिकांच्या व्हीएचएस कॅसेट माळ्यावर पडून आहेत. सभासदांची संख्या मोजत बसण्यापेक्षा आधी तिकडे जा. बुरशी धरलेली कॅसेट घरच्या व्हीसीआरमध्ये घालू नका, फित अडकली की संपलं. जाणत्याकडे द्या. कॉपी काढताना मधल्या जाहिराती, निवेदिकेचं बोलणं, शेवटची श्रेयनामावली, काहीच कापू नका. आवाज 'सुधारायचा' तर वेगळ्या कॉपीवर, मूळ तसंच राहू दे. कॅसेट कुणाकडची, कुणी टेप केली, साधारण कधी, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. ज्यांनी कॅसेट जपली त्यांचं नाव त्यांच्या परवानगीने यादीत आलंच पाहिजे. आणि वाहिनीला कळवल्याशिवाय काही जाहीर करू नका, त्यातून पैसा तर मुळीच नको.

गटात नवीन आलेल्या मुलीला 'तुला काय माहीत' म्हणणारे ते दोघे आहेत ना, त्यांना कॅसेटची नावनिशी लिहिण्याचं काम दे. जुन्या भागांची त्यांना खरोखर माहिती आहे, ती कुठेतरी लागायला हवी. त्या मुलीला त्यांच्या शेजारी बसव.

पहिल्या दहा कॅसेटची यादी झाली की मला पाठव. रकाने कसे आखायचे ते मी दुरुस्त करून देतो, आणि फित साफ करून देणारे एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत, त्यांच्याशी आजच बोलतो.

तुझा,
काका