आमदारांना गुण कोण देते आणि कशाचे?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाची आहेत, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये माझा यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा छोटा कारखाना आहे. अमेरिकेतल्या पुतण्याने मला तिथल्या एका राज्याच्या विधिमंडळ सदस्याचे प्रचारपत्रक पाठवले. त्यावर ‘उद्योजकांच्या संघटनेकडून ९२ टक्के गुण’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते आणि सन्मानचिन्ह स्वीकारतानाचा फोटोही होता. आमच्या संघटनेच्या कार्यकारिणीला ही कल्पना आवडली. ठाणे आणि नवी मुंबईच्या आमदारांसाठी आम्ही एक कच्चा तक्ता केला आहे, तो सोबत जोडत आहे. तिकडे हे गुण कसे काढतात, आणि आमचा तक्ता बरोबर आहे का?
(एक लघुउद्योजक, ठाणे)

उत्तर : तिकडची सगळी पद्धत एका गोष्टीवर उभी आहे. अमेरिकेतल्या राज्यांच्या विधिमंडळांत विधेयकावरचे अंतिम मतदान साधारणपणे नावानिशी नोंदले जाते आणि ती नोंद कोणालाही पाहता येते. विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाने तर १९१७ मध्येच मतनोंदणीचे विजेवर चालणारे यंत्र बसवले होते. शिवाय पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिले म्हणून तिथे कोणाचे सदस्यत्व रद्द होत नाही. त्यामुळे दिलेले मत हे त्या सदस्याचे स्वतःचे मत मानता येते आणि त्याचा जाबही त्यालाच विचारता येतो.

अधिवेशन सुरू असताना उद्योजकांची संघटना काही विधेयके निवडते : कर, किमान वेतन, कामगारांची नुकसानभरपाई, पर्यावरणाच्या परवानग्या, असे त्यांचे विषय असतात. मतदानाच्या आधी सदस्यांना पत्र जाते की या विधेयकावर आमची भूमिका अमुक आहे आणि हे मत आम्ही वर्षअखेरीच्या गुणांत धरणार आहोत. अधिवेशन संपले की भूमिकेशी जुळलेली मते मोजून टक्केवारी जाहीर होते. कॅलिफोर्नियाचे चेंबर ऑफ कॉमर्स, म्हणजे तिथल्या व्यापार-उद्योगांची संघटना, आपल्या निवडक विधेयकांवर कोणी कसे मत दिले याचा तक्ता छापते. रोजगाराला मारक ठरतील अशा विधेयकांची यादी करण्याची प्रथा त्याने १९९७ पासून अनेक वर्षे चालवली. लघुउद्योजकांचा राष्ट्रीय महासंघ १९४३ चा आहे. केंद्रीय काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, ७० टक्के किंवा अधिक वेळा आपल्या बाजूने मत देणाऱ्यांना तो ‘लघुउद्योगाचा रक्षक’ हा सन्मान देतो, आणि राज्यांतल्या त्याच्या शाखाही तिथल्या विधिमंडळ सदस्यांचे मतदान असेच मोजतात. ही रीत उद्योजकांनी शोधलेली नाही, हेही सांगायला हवे. उदारमतवादी ‘अमेरिकन्स फॉर डेमोक्रॅटिक अ‍ॅक्शन’ ही संस्था १९४७ सालची आहे आणि ती दर वर्षी वीस मते निवडून असे गुण देत आली. कामगार संघटना आणि पर्यावरणवादी संस्थाही तेच करतात.

आता त्या ९२ टक्क्यांकडे वळू. समजा, संघटनेने दहा विधेयके निवडली. एका सदस्याने सात वेळा संघटनेच्या बाजूने मत दिले, दोन वेळा विरोधात दिले आणि एका मतदानाला तो हजर नव्हता. गैरहजेरी विरोधात धरली तर त्याला दहापैकी सात, म्हणजे ७० टक्के गुण मिळतात आणि तो सन्मानाला पात्र ठरतो. गैरहजेरी हिशेबातून वगळली तर नऊपैकी सात, म्हणजे जवळजवळ ७८ टक्के होतात. आणि विरोधात गेलेल्यांपैकी एक विधेयक संघटनेला फार महत्त्वाचे वाटले म्हणून त्याला दुप्पट वजन दिले, तर गैरहजेरी विरोधात धरल्यास अकरापैकी सात होऊन हाच सदस्य ६४ टक्क्यांच्या आत येतो आणि त्याचा सन्मान हुकतो. माणूस तोच आणि मतेही तीच. म्हणून पुतण्याने पाठवलेल्या पत्रकावर जे छापलेले नाही तेच आपण आधी विचारावे : विधेयके कोणती, गैरहजेरी कशी धरली, दुप्पट वजन कशाला दिले.

गैरहजेरीचा मुद्दा केवळ हिशेबाचा नाही. कॅलिफोर्नियाच्या कनिष्ठ सभागृहात ८० सदस्य आहेत आणि विधेयक संमत व्हायला किमान ४१ मते लागतात, मग त्या दिवशी हजर कितीही असोत. तिथे बटण न दाबता बसून राहणाऱ्याने प्रत्यक्षात विरोधच केलेला असतो, फक्त त्याच्या नावापुढे ‘नाही’ असे उमटत नाही. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १८९ प्रमाणे मात्र निर्णय हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने होतो, त्यामुळे तिकडचा नियम जसाच्या तसा इकडे लावता येत नाही.

विधेयकांच्या निवडीने तर टक्केवारीचे चित्रच पालटते. सर्वानुमते संमत झालेली विधेयके यादीत घातली की सगळ्यांचेच गुण फुगतात. फक्त अटीतटीची घेतली की सभागृह दोन टोकांना विभागल्यासारखे दिसते आणि मधल्या मतांची माणसे जणू नाहीशी होतात. हा दोष जेम्स स्नायडर या राज्यशास्त्रज्ञाने १९९२ मध्येच सविस्तर दाखवून दिला होता. समितीतच गाडले गेलेले विधेयक तर या हिशेबात कुठेच येत नाही, आणि उद्योजकांच्या दृष्टीने पुष्कळदा खरे काम तिथेच झालेले असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय चेंबर ऑफ कॉमर्सने २०१९ पासून काँग्रेस सदस्यांसाठीची आपली रीत बदलली : आता ८० टक्के वजन मतांना, १० टक्के पुढाकाराला आणि १० टक्के दुसऱ्या पक्षाबरोबर मिळून केलेल्या कामाला असते.

तुमच्या तक्त्याबद्दल आता मोकळेपणाने लिहितो. त्यात पाच रकाने आहेत : अधिवेशनातील उपस्थिती २० गुण, संघटनेच्या कार्यक्रमाला आले २० गुण, फोन उचलतात १० गुण, रस्ते आणि गटारांसाठी निधी २० गुण, उद्योगस्नेही भूमिका ३० गुण. शेवटच्या रकान्याशेजारी कोणीतरी पेन्सिलीने ‘नंतर ठरवू’ असे लिहून ते अर्धवट खोडले आहे. माझी कळकळीची विनंती आहे की हा तक्ता या स्वरूपात छापू नका. सर्वाधिक गुण ज्या रकान्याला आहेत तो कशावरून भरायचा हेच ठरलेले नसेल, तर तो ज्याच्या त्याच्या ओळखीपाळखीवर भरला जाईल. कार्यक्रमाला येणे आणि फोन उचलणे यांचे ३० गुण म्हणजे संघटनेच्या पदाधिकाऱ्यांशी असलेल्या सलगीचे गुण आहेत. लोकप्रतिनिधी म्हणून केलेल्या कामाशी त्यांचा संबंध नाही. उपस्थितीच्या नोंदीवरून आमदार त्या दिवशी आले एवढेच कळते, सभागृहात किती वेळ बसले ते कळत नाही.

मतांचा रकाना तुम्ही घातलाच नाही, हे मात्र योग्य केलेत. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८ सदस्य असले तरी बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने, ‘होयचे बहुमत’ एवढ्यावर संमत होतात. कोणी कोणत्या बाजूने आवाज दिला याची नोंद राहत नाही. कोणी पोल, म्हणजे मतांची मोजणी, मागितला तर शिरगणती होते. ४ जुलै २०२२ च्या विश्वासदर्शक ठरावावर १६४ विरुद्ध ९९ असे मतदान तसेच नोंदले गेले. पण असे प्रसंग थोडे असतात, आणि तेव्हाही पक्षादेश असतो. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे पक्षाची पूर्वपरवानगी न घेता आदेशाविरुद्ध मत दिले, किंवा मतदानाला गेलेच नाही, आणि पक्षाने १५ दिवसांत ते माफ केले नाही, तर सदस्य अपात्र ठरू शकतो. ज्या मतासाठी आमदारकी जाऊ शकते ते मत त्या माणसाचे गुण म्हणून मोजण्यात काय अर्थ आहे? ते मत पक्षाचे असते, आणि मोजायचेच तर ते पक्षाच्या नावावर मोजावे.

आपल्याकडे नावानिशी लिहिले जाते ते वेगळे काही : तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, अशासकीय विधेयके, विधेयकांना सुचवलेल्या दुरुस्त्या, सभागृहातली भाषणे. मुंबईच्या आमदारांचे प्रगतिपुस्तक काढणारे प्रजा फाउंडेशन प्रश्नांवर आणि उपस्थितीवर भर देते, ते यामुळेच. वागळे इस्टेटमधल्या रस्त्यांची दुरुस्ती औद्योगिक विकास महामंडळाने करायची की महापालिकेने, सांडपाणी प्रक्रियेचा खर्च कोणावर, विजेचा आकार किती, यांवर कोणत्या आमदाराने काय विचारले, मंत्र्यांनी काय उत्तर दिले आणि सभागृहात मिळालेल्या आश्वासनाचा त्याने पुढे पाठपुरावा केला का, हे तुम्हाला पुराव्यानिशी मांडता येईल. एक काळजी घ्या : मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाहीत, उत्तरे देतात. तुमच्या भागातले कोणी मंत्री असतील तर त्यांना या रकान्यात शून्य देणे हा अन्याय होईल. त्यांची नोंद वेगळी ठेवा.

आणि कार्यकारिणीच्या सात-आठ जणांनी निकष ठरवू नका. लघुउद्योजकांच्या ज्या महासंघाचा उल्लेख वर केला, तो प्रमुख विषयांवर आपल्या सभासदांचे मत मतपत्रिका पाठवून घेतो आणि त्यात प्रत्येक सभासदाला एकच मत असते, कारखाना केवढाही असो. तिकडून काही घ्यायचेच असेल तर सन्मानचिन्हाच्या आधी हे घ्या.

प्रश्न : माझे वडील वाशीच्या बाजार समितीत माथाडी कामगार होते आणि आम्ही कोपरखैरण्याला राहतो. उद्योजकांनी आमदारांना गुण द्यायला सुरुवात केली तर आमदार त्यांचेच ऐकणार नाहीत का?
(एक शिक्षिका, नवी मुंबई)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. माथाडी कायदा १९६९ चा आहे. त्यात बदल व्हावेत अशी मागणी उद्योजकांच्या संघटना करतात, आणि कायद्याचे संरक्षण पातळ होईल म्हणून माथाडी संघटना त्याला विरोध करतात. दुरुस्तीला कडाडून विरोध करणारा आमदार एका तक्त्यात शून्यावर येईल आणि दुसऱ्यात शंभरावर, आणि दोन्ही तक्ते हिशेबाने अचूक असतील. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात नोंदणीची सक्ती दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरती ठेवली गेली. हा बदल छोट्या दुकानदाराला सुटका वाटतो, तर त्याच्याकडे काम करणाऱ्या मुलाला आपले नाव कोणत्याच कागदावर उरले नाही असे वाटू शकते.

म्हणून गुण देऊ नयेत असे माझे म्हणणे नाही. उद्योजकांना आपले हित मांडण्याचा जेवढा हक्क आहे तेवढाच माथाडी संघटनेला, शिक्षकांना आणि रिक्षाचालकांना आहे. गैर आहे ते ‘उत्कृष्ट आमदार’ अशा सरसकट नावाखाली एका गटाचे हित खपवणे. तक्त्याच्या शीर्षकातच ‘अमुक संघटनेच्या भूमिकेशी जुळलेले काम’ असे लिहिले तर वाचणारा फसत नाही. आपल्या शाळेतल्या पालकांना असा तक्ता दाखवायची वेळ आली, तर टक्क्यांवर बोट ठेवण्याआधी त्यांना शीर्षक वाचायला सांगा.

प्रश्न : गुण देऊन नंतर निवडणुकीत पाठिंबा आणि पैसे देणे ही लाच होत नाही का?
(कायद्याचा विद्यार्थी, सीबीडी बेलापूर)

उत्तर : अमेरिकेत चांगले गुण मिळवणाऱ्याला सन्मानचिन्ह मिळते, अनेकदा जाहीर पाठिंबा मिळतो आणि संघटनेच्या राजकीय निधीतून मदतही मिळते. कंपन्यांनी केंद्रीय उमेदवारांना थेट पैसे देण्यावर तिथे १९०७ पासून बंदी आहे. राज्यांच्या निवडणुकांचे नियम मात्र राज्यागणिक वेगळे आहेत. यातले लाच कोणते, याचा महत्त्वाचा निकाल एका राज्य विधिमंडळ सदस्याच्याच खटल्यात लागला. वेस्ट व्हर्जिनियातील मॅककॉर्मिक यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले की, निवडणूक निधी घेणे गुन्हा ठरवायचे तर ‘हे द्या, ते करतो’ असा स्पष्ट सौदा झालेला दाखवावा लागेल. मत आधी, मदत नंतर आणि मध्ये सौदा नाही, तर गुन्हा नाही. मला ही रेषा फार सैल वाटते, कारण मतदानापूर्वी येणारे ‘हे मत आम्ही धरणार’ असे पत्र आणि निवडणुकीच्या वेळी येणारा धनादेश यांतला संबंध सदस्याला कोणी समजावून सांगावा लागत नाही.

आपल्याकडे ४ मार्च २०२४ रोजी सीता सोरेन प्रकरणात सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने १९९८ चा नरसिंह राव प्रकरणातील निकाल रद्द ठरवला. सभागृहातल्या मतासाठी किंवा भाषणासाठी लाच घेणाऱ्या आमदाराला अनुच्छेद १९४ चे संरक्षण मिळणार नाही, आणि लाच स्वीकारताच गुन्हा पूर्ण होतो, मग मत ठरल्याप्रमाणे दिले की नाही याने फरक पडत नाही, असे त्या निकालाने स्पष्ट केले. त्याच वर्षी १५ फेब्रुवारीला निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरले, आणि सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची कंपनी देणग्यांवरची मर्यादा २०१७ मध्ये काढून टाकली होती, तो बदलही त्याच निकालाने रद्द झाला.

तेव्हा वरच्या पत्रातल्या संघटनेने आमदाराला शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह देण्यात कायद्याची काही आडकाठी दिसत नाही. मात्र एखादा प्रश्न विचारण्याच्या किंवा दुरुस्ती मांडण्याच्या बदल्यात काही द्यायचे कबूल केले, तर ते कितीही लहान असले तरी गुन्ह्याच्या कक्षेत जाते. निकष अधिवेशनाआधी छापावेत, सन्मान अधिवेशन संपल्यावर द्यावा, आणि ज्या बैठकीत गुण ठरतात तिच्या विषयपत्रिकेवर देणगीचा विषय ठेवू नये.