चकाकतं ते यूएनसीच असतं का?

प्रश्न : जळगावच्या सराफ बाजारात पंचम जॉर्जचा १९१९ चा चांदीचा रुपया ‘यूएनसी’ (अनसर्क्युलेटेड, म्हणजे चलनात न फिरलेला) म्हणून घेतला. आरशासारखा चमकतो, तरी जाणकार मित्र त्याला यूएनसी मानत नाहीत. का? – एक वाचक, पाचोरा

उत्तर : तो आरशासारखा चमकतो, हेच शंकेचं कारण. टांकसाळीत साच्याच्या दाबाने चांदी कडेकडे सरकते आणि पृष्ठभागावर किरणांसारख्या अतिसूक्ष्म रेषा उमटतात. त्यांवरून परतणारा उजेड म्हणजे मूळ लस्टर. पॉलिश किंवा ॲसिड आधी याच रेषा खातं. एकदा गेलेलं लस्टर कशानेही परत येत नाही.

घरी असं पाहा. खोलीतले दिवे मालवून एकच उघडा बल्ब ठेवा. ट्यूबलाइटचा पसरट उजेड दोष झाकतो. खाली मऊ कापड अंथरा, रुपया फक्त कडेने धरा आणि तिरपा करत हळूहळू फिरवा. मूळ लस्टर असेल तर उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे नाण्यावरून फिरतात. घासलेल्या रुपयावर तसं चक्र फिरत नाही, नुसती सपाट चकाकी दिसते. मग दहापट भिंगातून राजाच्या चेहऱ्यासमोरची मोकळी जागा पाहा. एकाच दिशेच्या केसासारख्या रेषा दिसल्या, तर ब्रश किंवा कापड फिरलेलं आहे.

झीज आधी उंचवट्यांवर येते : मुकुट, भुवई, कान, मिशी. तिथे करडा, मंद डाग दिसला तर नाणं चलनात फिरलंय. फार तर एयूएनसी, म्हणजे जवळजवळ न फिरलेलं, म्हणा. मात्र ठसाच कमजोर बसला असेल, तर तपशील पुसट असूनही त्या जागी लस्टर टिकलेलं असतं. घाईत हा फरक हमखास निसटतो आणि चांगलं नाणं नाकारलं जातं.

टांकसाळीच्या पिशवीत एकमेकांवर आपटून पडलेले लहान ठोके यूएनसीतही चालतात. नाण्यांच्या दर्जाच्या १ ते ७० या आंतरराष्ट्रीय मोजणीत ६० ते ७० ही सगळी श्रेणी न फिरलेल्या नाण्यांचीच, आणि ठोक्यांमुळेच बरीच नाणी ६० च्या आसपास अडकतात. काट्यावर ११.६६ ग्रॅम भरणं हा खोटेपणा तपासायचा उपाय आहे, दर्जाचा नव्हे.

प्रश्न : धडगावकडच्या जुन्या माळेतले रुपये मिळतायत. कड्या काढल्यात, नक्षी ठसठशीत आहे. – एक वाचक, शहादा

उत्तर : नक्षी कितीही ठसठशीत असो, कडी लागलेला रुपया यूएनसी नाही. कडेवर डाखाचा ठिपका, भोवती आचेने बदललेला रंग किंवा कानसीने सपाट झालेले दाते सापडतील. भिंगाखाली कड पूर्ण फिरवून पाहा. भाव खराब नाण्याचाच द्या. आणि माळ अजून अखंड असेल, तर कृपा करून ती तोडायला लावू नका. दागिना म्हणून तिचं मोल सुट्या रुपयांना येणार नाही.

प्रश्न : अल्बममधल्या रुपयांवर हिरवट चिकट थर आलाय. – एक वाचक, भुसावळ

उत्तर : पाकिटं मऊ पीव्हीसीची असणार. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उष्म्यात ते लवकर विघटित होतं आणि त्यातलं आम्ल चांदीत मिसळलेल्या तांब्याला धरतं. शुद्ध ॲसिटोन काचेच्या वाटीत घ्या, खिडकी उघडी आणि आग दूर ठेवा. नाणं पाच मिनिटं बुडवा, ताज्या ॲसिटोनमध्ये पुन्हा खळखळा, हवेत वाळू द्या. पुसू नका. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि सुगंध असतो. पुढे मायलरची (पॉलिएस्टर फिल्मची) पाकिटं वापरा, आणि पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीलगतच्या कपाटात अल्बम ठेवू नका.