पदवीच्या नावावर जाऊ नका

मुलगी बारावी सायन्स झाली, कॉम्प्युटर फॉरेन्सिकच (म्हणजे गुन्ह्याच्या तपासात कॉम्प्युटर-मोबाइलमधले पुरावे शोधणं) करायचं म्हणतेय, आणि एका खासगी विद्यापीठात ‘बीएस्सी सायबर फॉरेन्सिक’ला जागा मिळतेय, घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: नुसतं नाव बघून फी भरू नका. आधी तिचं कॉम्प्युटर पक्कं होऊ दे.

साध्या ‘बीएस्सी फॉरेन्सिक सायन्स’मध्ये रक्त, विष, बोटांचे ठसे, हस्ताक्षर असं बरंच काही असतं, कॉम्प्युटर त्यात थोडंसंच. कोर्स वाईट नाही, पण तिला हवंय ते हे नव्हे. बीएस्सी कॉम्प्युटर किंवा इंजिनिअरिंग करून मग एमएस्सीला डिजिटल फॉरेन्सिक, हा रस्ता जास्त भरवशाचा. उद्या मन बदललं तरी आयटीची दारं उघडी राहतात. एमएस्सीसाठी गांधीनगरची नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटी बघा. आपल्याकडे मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. तिथे काय चालू आहे तेही विचारून घ्या.

पाया का हवा, सांगतो. जप्त केलेली हार्ड डिस्क नुसती विंडोजला जोडली तरी तिच्यातल्या नोंदी बदलू शकतात. म्हणून मध्ये राइट ब्लॉकर (डिस्कवर काही लिहू न देणारं उपकरण) लावायचा, इमेज म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल काढायची, डिस्क आणि इमेज दोन्हींचा हॅश (मजकुरातून गणिताने काढलेला, बोटाच्या ठशासारखा आकडा) जुळवायचा आणि पुढचं सगळं काम त्या इमेजवर. डिलीट केलेली फाइल जुन्या पद्धतीच्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर बऱ्याचदा सापडते, चिपवाल्या एसएसडीवर ट्रिममुळे (डिलीट झालेली जागा मोकळी करण्याच्या सोयीमुळे) बऱ्याचदा सापडत नाही. असं का, हे फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली कशा मांडल्या जातात ते, शिकल्याशिवाय कळत नाही. नुसती बटणं दाबायला शिकवणारे कोर्स पैशाला पासरी आहेत. उलटतपासणीत वकिलाने ‘हे सॉफ्टवेअरने कुठून काढलं?’ विचारलं की तिथे शिकलेल्यांची बोबडी वळते.

आणि कायदा! जालन्याचा खोतकर-गोरंट्याल खटला आठवतो? 2014च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, याचा पुरावा म्हणजे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण. त्याच खटल्यात 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची नुसती प्रत दिली आणि मूळ उपकरण हजर केलं नसेल, तर जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 65-बचं प्रमाणपत्र हवंच. 1 जुलै 2024पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 आलंय. प्रमाणपत्राच्या नमुन्यात आता हॅश आणि तज्ज्ञाची सहीही आहे. अभ्यासक्रम मागवा. तो अजून 65-बवरच अडकलेला असेल तर समजून जा.

कॉलेज बघायला गेलात की ॲडमिशनवाल्या सरांना राहू द्या, शेवटच्या वर्षाच्या पोरांना गाठा. राइट ब्लॉकर स्वतः कधी जोडलाय का, एवढंच विचारा.

तोवर मुलीला घरीच एक काम द्या. पेनड्राइव्हवर फोटो टाकून डिलीट करायचे, एफटीके इमेजर या सॉफ्टवेअरने इमेज काढायची, ती ऑटोप्सी या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून ते फोटो शोधायचे. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. पेनड्राइव्ह मात्र रिकामा, जुना घ्या, लग्नाच्या फोटोंचा नको.