बाटलीतली चिलटं का खंगतात?

वाशी: बीएस्सीच्या प्रकल्पासाठी फळ मार्केटमधल्या सडक्या केळ्यांवरून चिलटं धरली. दर पंधरवड्याला दहाएक माश्या नव्या बाटलीत सोडते. सात-आठ महिन्यांनी अंडी पडतात तेवढीच, पण अळ्या फारच कमी. अन्न तेच आहे.

चूक अन्नात नाही, दहाच्या आकड्यात आहे. दर पिढीला दहाच माश्या पुढे गेल्या, की जनुकीय विविधतेचा साधारण विसावा हिस्सा गळतो. किरकोळ वाटतं ना? पंधरा पिढ्यांत निम्म्याहून जास्त जाते. तीही सगळ्यांना सारखी संतती होते असं धरून. प्रत्यक्षात एक-दोन नरच बाजी मारतात. 1956 साली पीटर ब्युरी यांनी सोळा-सोळा माश्यांच्या 107 बाटल्या 19 पिढ्या चालवल्या. डोळ्याच्या रंगाच्या जनुकाची दोन रूपं होती. निम्म्याहून जास्त बाटल्यांत शेवटी एकच उरलं.

विविधता गेली की नात्यातच जोड्या लागतात. एरवी धडधाकट जनुकाआड दडलेलं बिघडलेलं अप्रभावी जनुक मग आईबापांकडून जोडीनंच येतं. भिंगाखाली अंडी बघा, दोन बारीक शिंगांची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही पांढरंच असलेलं अंडं बहुधा फळलेलंच नव्हतं. तपकिरी पडलेल्यातला जीव वाढता वाढता गेला. दोन्ही वेगवेगळी मोजा, प्रकल्पाला तेवढाच मसाला!

नौपाडा: माझी आणि मैत्रिणीची, दोन्ही बाटल्या खंगल्यात. एकत्र करू का?

करा, पण एकीतल्या कोवळ्या, अजून नराशी न जुळलेल्या माद्या आणि दुसरीतले नर असा संकर लावून. दोन्हीकडे बिघाड सहसा वेगळ्या जनुकांत असतो, त्यामुळे पहिली पिढी बहुधा तरतरीत निघते. दोन्ही बाटल्यांतून गेलेलं मात्र परत येत नाही. त्यासाठी बाहेरचीच चिलटं हवीत. ती आधी वेगळी ठेवा, अंगावरचे बारीक कोळी (माइट) सगळी बाटली खातात. पुढे चार-पाच बाटल्या ठेवून दर पिढीला माश्या मिसळत चला.

ऐरोली: आमच्यात मामाची मुलगी करतात. माश्यांचं हे गणित आम्हालाही लागू?

गणित तेच, आकडा लहान. सख्ख्या भावंडांच्या जोडीत संततीला एकाच पूर्वजाकडून एकाच जनुकाच्या दोन प्रती मिळण्याची शक्यता 1/4, मामे-आतेभावंडांत 1/16. घराण्यात थॅलेसेमियासारखा आजार असेल, तर साखरपुड्याआधी दोघांचीही रक्ततपासणी करा. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलं असेल, तर आकडा 1/16 च्या वर जातो, हे मात्र घरात कुणी सांगत नाही.

कळवा: हापूसमधल्या अळ्या याच का?

नाही. ती बॅक्ट्रोसेरा, खरी फळमाशी. चांगल्या फळाला भोक पाडून अंडी घालते. आपली चिलटं बिचारी सालपटांवर खूश.