ठेका किती वेळ धरतो, ते आधी बघू

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. तबल्यात विशारद पूर्ण केलं आहे. झाकीरभाई गेल्यापासून त्याने ठरवूनच टाकलंय की इंजिनिअरिंगला जायचं नाही, फ्युजन आणि वर्ल्ड म्युझिकमध्ये तबला वाजवायचा. गुरुजी म्हणतात, हात गोड आहे. आमचं मेडिकलचं दुकान आहे; त्याचे बाबा म्हणतात, आधी सीईटी दे, मग काय वाजवायचं ते वाजव. तबल्यावर पोट भरतं का? आणि परदेशात जायचं तर काय करावं लागतं?
एक आई, चिपळूण

ताई, सप्रेम नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. मुलाने किती कायदे, म्हणजे तबल्याच्या बांधीव रचना, बसवलेत, जलद बोलांचा रेला कुठल्या लयीत नेतो, जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिला कसा आला, सगळं तुम्ही सविस्तर लिहिलंय. तो कुणाच्या साथीला बसतो, हे मात्र राहून गेलंय. माझं सगळं उत्तर त्याभोवतीच फिरणार आहे.

तबल्यावर पोट भरतं ते साथीने. स्वतंत्र वादनाची मैफल वर्षातून मोजक्यांच्या वाट्याला येते, तीही मोजक्या वेळा. बाकीचे दिवस कुणाच्या तरी शेजारी बसून ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल पुन्हा पुन्हा, धरायचा असतो. मुलाने झाकीरभाईंच्या परदेशातल्या मैफली यूट्यूबवर पाहिल्या असतील, २०२४ च्या फेब्रुवारीत एका रात्रीत ३ ग्रॅमी मिळाले तेही पाहिलं असेल. पण तेच झाकीरभाई रविशंकर, शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया यांच्या साथीला वर्षानुवर्षं बसले. बिरजू महाराजांच्या नृत्यालाही त्यांनी साथ केली. त्यांचे वडील उस्ताद अल्लारखाँ जगाला माहीत झाले ते रविशंकरांच्या सतारीबरोबर. सत्तरच्या दशकात गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या ‘शक्ती’ या फ्युजन ताफ्यात झाकीरभाईंच्या जोडीला विक्कू विनायकराम यांचा घटम, म्हणजे दक्षिणेतलं मातीच्या घड्याचं तालवाद्य, होता. घटमबरोबर वाजवायचं तर कर्नाटक संगीतातला हिशेब कानात मुरलेला हवा, आणि समोरचा काय करतोय ते ऐकत राहण्याची सवय हवी. ही सवय साथीतच लागते.

मी स्वतः विशारदपर्यंत वाजवलंय. विसाव्या वर्षी एका गुरुपौर्णिमेला मला एका गायिकेच्या साथीला बसवलं. विलंबित एकताल, म्हणजे बारा मात्रांचा ताल अगदी संथ लयीत. पहिली दहाएक मिनिटं बरी गेली. मग दोन मात्रांमधली शांतता मला सहन होईना, हात उगाच भरू लागला आणि लय चढली. बाईंनी मान वळवली नाही. मांडीवर बोटाने मात्रा दाखवली. थोड्या वेळाने पुन्हा दाखवली, मग जरा जोरात. सभागृहात कुणाच्या लक्षात आलं नसेल, मला ते बोट अजून दिसतं. मी या मार्गदर्शनाच्या धंद्यात आलो त्याला त्या बोटाचाही हातभार आहे.

आता वर्ल्ड म्युझिक. बाहेरून ते फार मोकळं वाटतं. घराणं नको, कायदा-पलटा नको, नुसती धमाल. आत गेलं की अडचणी अगदी रोजच्या वापरातल्या असतात. तबला एका सुरात लागतो. गाण्याची पट्टी मध्येच बदलली तर गिटारवाला बोटं सरकवतो, तबलावादकाला दुसरा तबला पुढे ओढावा लागतो. म्हणून ही मंडळी तीन-चार तबले वेगवेगळ्या सुरांत लावून समोर मांडतात. ड्रमसेट सुरू झाला की डग्ग्याची, म्हणजे डाव्या हाताच्या वाद्याची, घुमक त्यात बुडून जाते. तेव्हा माईक कुठे आणि किती अंतरावर ठेवायचा, साउंडवाल्याकडून मॉनिटरमध्ये काय वाढवून घ्यायचं, हे स्वतःला कळावं लागतं. स्टुडिओत कानात लय दाखवणारा क्लिक टकटकत असतो, तीन मिनिटांच्या गाण्यात त्याच्या पुढेही जायचं नाही आणि मागेही रेंगाळायचं नाही. आपण तिहाई घेऊन, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून, तालाच्या पहिल्या मात्रेवर, समेवर येतो; पाश्चात्त्य वादक चार-चारच्या गटांत मोजतात. दोघांचा हिशेब जुळवायचं काम बहुतेक वेळा तबलेवाल्याकडेच येतं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे न वाजवणं. आठ वादकांच्या ताफ्यात दोन मिनिटं हात मांडीवर ठेवून बसायचं आणि नेमक्या जागी एकच ‘धा’ टाकायचा. स्पर्धा जिंकणाऱ्या मुलांना हे फार जड जातं.

अपवाद नाहीत असं नाही. बादल रॉय १९६८ च्या सुमारास संख्याशास्त्र शिकायला न्यूयॉर्कला गेले, पोटासाठी रेस्टॉरंटात काम केलं, तिथेच तबलाही वाजवला आणि १९७२ साली थेट जॅझमधला दिग्गज माइल्स डेव्हिसच्या ध्वनिमुद्रणात बसले. रूढ अर्थाने घराण्याची तालीम त्यांची नव्हती. पण ती वाट त्या शहराची आणि त्या चार वर्षांची होती, तुमच्या मुलाला मी तिचा पत्ता देऊ शकत नाही. त्रिलोक गुर्टूंनी तबल्याच्या जोडीला ड्रम्स घेऊन स्वतःचंच वेगळं काहीतरी उभं केलं, पण ठुमरी गायिका शोभा गुर्टूंच्या घरात वाढलेल्या त्यांच्या मुलाला ठुमरी-दादऱ्याची लय शिकायला क्लास लावावा लागला नसणार.

पैशाचं आता उघडच बोलू. तुमच्या साहेबांना हा भाग वाचून दाखवा. पुण्या-मुंबईत कथकचे वर्ग भरपूर चालतात आणि चांगल्या वर्गाला तत्कार-तुकड्यांसाठी, म्हणजे पायांच्या बोलांसाठी आणि नाचाच्या बंदिशींसाठी, तबला लागतो. वार ठरलेले, मानधन ठरलेलं. पोस्टरवर ज्यांचं नाव कधी येत नाही अशा कितीतरी गुणी तबलावादकांचं घरभाडं यातून निघतं. दुसरा आधार शिकवण्यांचा. समजा ३० मुलं आली आणि प्रत्येकाने महिना ८०० रुपये दिले, तर २४,००० होतात. त्यातून मे महिना, परीक्षा आणि गणपती वजा करा. परदेशातल्या मराठी घरांतली मुलं ऑनलाइन शिकतात, त्यांची फी बरी असते, पण अमेरिकेतली संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. साडेपाचला आंघोळ करून कॅमेऱ्यासमोर बसायचं. मग हंगामी कामं : आषाढीच्या आसपास अभंगवाणी, दिवाळी पहाट, अधूनमधून नाट्यसंगीत. पितृपंधरवड्यात फोन वाजत नाही. गल्ला रोज सारखा नसतो, हे दुकान चालवणाऱ्या माणसाला मी काय सांगणार. फरक इतकाच की इथे दुकान म्हणजे दोन मनगटं आहेत. क्रिकेट खेळताना बोट मोडलं तर दीड महिना शटर बंद.

इंजिनिअरिंगबद्दल माझं मत विचारलंत तर साहेबांना आवडणार नाही. अठरा ते बावीस ही हात आणि कान पक्के होण्याची वर्षं. कोकणातल्या नाहीतर कुठल्याही आडगावच्या कॉलेजच्या वसतिगृहात, शेजारच्या खोलीतल्यांची झोपमोड होऊ नये म्हणून उशीवर रियाज करत ती घालवली, तर डिग्री मिळेल, पण तबला मागे पडेल. इंजिनिअरिंग करायचंच असेल तर गुरू ज्या गावात त्याच गावात करावं. त्यापेक्षा मी पुण्याचा विचार करीन. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात संगीताची पदवी करता येते. मुंबई विद्यापीठातही संगीत विभाग आहे. किंवा साधं बीए, बीकॉम करून उरलेला दिवस गुरूंकडे. अनीश प्रधान यांनी तर तबला सांभाळून इतिहासात पीएचडी केली. विशारदचं प्रमाणपत्र जपून ठेवा, पण ते विद्यापीठाच्या पदवीच्या जागी सगळीकडे चालेल असं धरून चालू नका. केंद्रीय विद्यालयात संगीत शिक्षक व्हायचं तर संगीतातली पदवी मागतात, महाविद्यालयात शिकवायचं तर एमए आणि नेट. बारावी मात्र नीट पार पाडू दे. सीईटीचा अर्ज भरलाच असेल तर परीक्षाही देऊ दे, एक दिवसाने काही बिघडत नाही, घरातलं भांडण तरी मिटेल.

संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या कलाकारांसाठी शिष्यवृत्ती असते, महिना ५,००० रुपये, २ वर्षं. जाहिरातीवर नजर ठेवा. आकाशवाणीची ऑडिशन निघाली की द्यायला लावा; बी, बी-हाय, ए, टॉप अशा श्रेणी असतात आणि कलाकाराच्या माहितीपत्रात ती ओळ अजूनही वाचली जाते.

परदेशाचा रस्ताही साथीचाच आहे. कुणी गायक-वादक दौऱ्यावर निघतो, त्याला भरवशाचा तबला हवा असतो, तो मुलाला घेऊन जातो. पहिला दौरा बहुतेकांचा असाच होतो. आयसीसीआर, म्हणजे भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद, हिच्या यादीत नाव लागलं तर सरकारी कार्यक्रम मिळू शकतात, परदेशातल्या भारतीय सांस्कृतिक केंद्रांत शिकवायलाही माणसं जातात. शिकायलाच जायचं असेल तर रॉटरडॅमच्या कोडार्ट्समध्ये भारतीय संगीताचा विभाग आहे, कॅलिफोर्नियात अली अकबर खाँसाहेबांनी १९६७ साली सुरू केलेलं महाविद्यालय आहे. एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो : कुणी ‘टुरिस्ट व्हिसावर ये, कार्यक्रमाचे पैसे हातात देतो’ म्हणालं तर जाऊ देऊ नका. कलाकारांचा व्हिसा वेगळा असतो. एकदा पासपोर्टवर डाग लागला की पुढचे दौरे अडतात.

आणि त्याला पुडी, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचं चामडं, चढवायला शिकवा. चिपळूणच्या जुलैत चामडं दमट होऊन तबल्याचा सूर उतरतो, हे त्याला माहीत आहे. थंडीच्या देशात हीटर लावलेल्या कोरड्या सभागृहात उलट होतं, सूर चढत जातो आणि जास्त ताणलेली पुडी फाटते. तिथे कोपऱ्यावर तबला दुरुस्त करणारा नसतो. जास्तीची पुडी, ती ताणणारी चामड्याची वादी, वादीखालचे लाकडी गठ्ठे आणि हातोडी सोबत हवी. हातोडी केबिन बॅगेत नाही, मोठ्या बॅगेत. विमानतळावर काढून घेतात.

इलेक्ट्रॉनिक पॅडला त्याने पैसे मागितलेत असं लिहिलंय. आत्ता नको. त्याऐवजी गुरुजींना सांगून आठवड्यातून दोन दिवस गाणं शिकणाऱ्या कुणाच्या तरी साथीला बसवा. गाणारा कच्चा असला तर उत्तमच, ठेका सांभाळायची जबाबदारी मग याच्यावर येते. देवळातल्या भजनालाही बसू दे.

एक परीक्षा मात्र या रविवारी तुम्हीच घ्या. दुकान बंद असताना साहेबांनाही बसवा. मुलाला सांगा, विलंबित एकताल लाव, साधा ठेका, तुकडा नाही, मुखडा नाही, ताल सांभाळायला सोबत वाजणारा लेहराही नाही, २५ मिनिटं. साधारण ४ सेकंदांची मात्रा धरली तर १२ मात्रांचं एक आवर्तन ४८ सेकंदांचं होतं. मोबाइलवर रेकॉर्ड करा. पहिल्या आवर्तनाला किती सेकंद लागले आणि शेवटच्याला किती, एवढे दोन आकडे मला कळवा.